आगोटीची बेगमी



वैशाखाच्या उकाड्यात पुरावर व्याख्यान ठेवले म्हणून आमच्या काही मित्रांनी आमची थट्टा केली. नळाला धड पाणी नाही आणि हे गृहस्थ पुराचे बोलायला निघाले, असे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही त्यांच्याच आज्यांची आठवण करून दिली. कोकणात पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात, आणि आगोटीची बेगमी वैशाखातच करावी लागते. मीठ, मिरची, सुकी मासळी, कांदे, सरपण हे सारे मृगाआधी घरात येऊन पडले पाहिजे. घर शाकारून झाले पाहिजे. शेताच्या बांधावर मातीचा नवा थर बसला पाहिजे. मृग लागल्यावर जो ही कामे काढी, त्याला गाव हसत असे. आमचे आजचे बोलणे हे या आगोटीविषयीच आहे. ती आपल्या गावात कशी होती, कशी गेली, आणि ती गेल्यामुळे पुराच्या रात्री कोणाचे काय बुडाले, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

आम्ही कोणी इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा आठवीत सुटली. पुढे जे थोडेबहुत शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयांत आणि रिक्षा-टेम्पोवाल्यांच्या थांब्यांवर. पस्तीस वर्षे वाहनांवर पोट असलेल्या माणसांत काम करताना एक प्रश्न आम्हाला सतत छळत आला. पाणी चढत असताना, जीव धोक्यात आहे हे दिसत असताना, शहाणासुरता माणूस आपल्या गाडीपाशी का थांबतो? पेपरांत दुसऱ्या दिवशी त्याला मूर्ख म्हटलेले असते. तो मूर्ख नसतो, हे आम्ही आपल्याला इतिहासाच्या आधाराने दाखवू इच्छितो.

खाजणातले गाव

मीरा रोड स्टेशनवर पूर्वेस उतरून नया नगरात शिरणाऱ्या माणसाला आज चहूकडे इमारती दिसतात. हैदरी चौकात रिक्षांची गर्दी, वर खिडक्यांत वाळत घातलेले कपडे, खाली कापडाची, मिठाईची, औषधांची दुकाने. आपण खाजणाच्या कडेला उभे आहोत हे त्याच्या ध्यानीही येत नाही. परंतु या मुलखाची ठेवण पाहावी. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनकडे अरबी समुद्र, पूर्वेस डोंगर. डोंगरावरचे पाणी खाडीकडे उतरते, खाडीचे पाणी भरतीला आत चढते, आणि या दोहोंच्या मधल्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे व मिठागरे होती.

१८७० साली इंग्रज सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी या गृहस्थांना भाईंदर, मिरे आणि घोडबंदर येथील जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. त्यामागचा एक मुख्य हेतू असा की, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांनी बांध घालावेत आणि राखावेत. पुढे हा हक्क इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे गेला आणि जमिनींच्या मालकीचा वाद आपल्या काळापर्यंत चालत आला. त्या वादात आज शिरण्याचे कारण नाही. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे की, या मुलखात जमीन आणि बांध या दोन गोष्टी कधीच वेगळ्या नव्हत्या. पाणी अडवण्याची जबाबदारी आधी, जमिनीचे उत्पन्न नंतर.

कागद कोणाच्याही नावे असो, बांध कागदाने उभा राहत नाही. उधाणाने बांधाला खांड पडली की गावातल्या प्रत्येक घरातून माणूस जाई. चिखलाची ढेकळे हातोहात पुढे सरकत आणि पुढची भरती येण्याआधी खांड बुजवली जाई. येथे माझे शेत आणि तुझे शेत हा हिशेब चालत नसे, कारण एका शेतात शिरलेले खारे पाणी शेजारच्या शेताला विचारून थांबत नाही. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असत. उघाडी म्हणजे अशी झडप, जी भरतीच्या रेट्याने मिटते आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या भाराने उघडते. आतले पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. यंत्रविद्येची पदवी नसलेल्या माणसांनी हे चालवले. १९४८ साली मुंबई राज्याने आणि १९७९ साली महाराष्ट्राने खार जमिनींचे कायदे केले, तेव्हा बांध हा एकट्याच्या खिशाचा विषय नाही, हे तत्त्व कायद्यातही आले.

या माणसांना आणखी एक गोष्ट पाठ होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. कोळी आणि आगरी घरांत हे गणित पोरांना पाढ्यांसारखे येत असे. पाऊस मोठा आणि भरती पुढे, असे दिसले की गुरे उंचावर जात, होडी वर ओढली जाई, कणगीखाली दगड लागत. चीजवस्तू राखण्याचे काम पाणी येण्याआधी पुरे झालेले असे. पाणी आल्यावर राखावयाचा असे तो फक्त जीव.

शहर आले, आगोट गेली

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो संप कसा संपला, किंबहुना कसा संपलाच नाही, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात ठाऊक आहे. गिरणगावातली कुटुंबे लोकलच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत भाईंदर, नालासोपारा, विरारला गेली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबे नया नगरात आली. कोणी पोटाच्या भीतीने आले, कोणी जिवाच्या. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली आणि २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती सुमारे पावणेदोन लाख होती, २००१ साली ती सुमारे ५ लाख २० हजार झाली आणि २०११ साली ८ लाखांवर गेली. वीस वर्षांत गाव चौपटीहून मोठे झाले. खाजणात भराव पडले, मिठागरे मागे हटली, नाले अरुंद झाले.

येणाऱ्या माणसाला ही जमीन ठाऊक नव्हती. त्याने विचारले ते स्टेशन किती लांब आणि खोली कितीला. या इमारतीखाली पूर्वी काय होते, हे विचारण्याची त्याला सवड नव्हती आणि सांगणाऱ्याला गरज नव्हती. जुना आगरी तिथी मोजत होता, पण त्याच्या शेजारी राहावयास आलेल्या गिरणी कामगाराच्या मुलाला ती मोजता येत नव्हती. शिवाय दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो. रस्ता उंचावतो, जुनी इमारत होती तेथेच राहते, आणि तळमजल्याचा उंबरा हळूहळू रस्त्याखाली जातो. अशा तळमजल्यावर आपण काय ठेवतो? विजेचे मीटर, पाण्याचा पंप आणि आपली वाहने.

या वाहनांविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. गिरणी सुटल्यावर कामगाराच्या मुलाने रिक्षा घेतली. आईच्या बांगड्या, थोडी उसनवार आणि उरलेले कर्ज. बापाच्या काळी गिरणीत पाणी शिरले तर यंत्राचे नुकसान मालकाचे होते. कामगाराची पाळी बुडे, साचा त्याच्या अंगावर येत नसे. मुलाच्या काळी यंत्र मुलाच्या नावे झाले. तो स्वतःचा मालक झाला असे सर्वांनी त्याचे अभिनंदन केले. खरे पाहता मालकाच्या वाट्याचा नफा त्याला मिळाला नाही, मालकाच्या वाट्याची जोखीम मात्र मिळाली. पुढची सारी गोष्ट समजण्यास हा फरक ध्यानात ठेवावा.

सायकलीचा काळ आणि फुटांची पट्टी

महाराष्ट्रात पुराची मोठी आठवण काढली की पानशेतचे नाव निघते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. लोकांना पुरेशी सूचना मिळाली नव्हती. संसारच्या संसार वाहून गेले. परंतु त्या पुरात आणि आपल्या पुरात एक भेद आहे. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. सायकल खांद्यावर टाकून जिना चढता येतो, आणि नाहीच जमले तर ती भिंतीला टेकवून माणूस पळू शकतो. तिच्यामागे हप्त्यांचे पुस्तक सहसा नसे.

कोल्हापूर-सांगलीकडची तऱ्हा आणखी निराळी. तेथे नदी फुटाफुटाने चढते आणि लोक ते फूट मोजतात. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ फुटांवर गेले की धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती, हा पावसाळ्यातला कुशल विचारण्यासारखा प्रश्न असतो. अमुक फुटांना आपल्या गल्लीत पाणी येते, हे जुन्या रहिवाशाला ठाऊक असते, आणि त्याआधी तो गाडी उंचावर लावून येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा ही पट्टीही अपुरी पडली. जे पूर्वी कधी भिजले नव्हते ते भिजले. तरीही पट्टी असणे आणि नसणे यांत मोठे अंतर आहे.

नया नगराला अशी पट्टी नाही. येथे नदी चढत नाही. आभाळ फुटते, नाला तुंबतो, खाडी दार लावते, आणि तासा-दोन तासांत गुडघ्याचे पाणी छातीला लागते.

२६ जुलै

२६ जुलै २००५ चे आकडे आपण ऐकले असतील, तरी ते पुन्हा सांगतो, कारण त्यांत एक अर्थ दडला आहे. २७ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक. त्या दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी ४.४८ मीटरची भरती होती. आषाढ वद्य पंचमी-षष्ठीचा सुमार होता. आमच्या आगरी मित्रांच्या पाऊणपटीने हिशेब केला तर भरती पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान निघते. म्हणजे उघाडी मिटण्याची वेळ कोणाही म्हाताऱ्याने सकाळीच सांगितली असती. पण त्याला विचारणार कोण?

त्या काळी जे अंदाज प्रसिद्ध झाले त्यांप्रमाणे सुमारे ३७,००० रिक्षा, ४,००० टॅक्सी आणि बेस्टच्या ९०० बसगाड्यांचे नुकसान झाले. आता मघाचे पावसाचे आकडे यांच्याशेजारी ठेवा. मुंबईत रिक्षा उपनगरांतच चालते, बेटावरच्या जुन्या शहरात तिला परवानगी नाही. पाऊस उपनगरांवर कोसळला आणि रिक्षा उपनगरांतच होत्या. निसर्गाने माणसे निवडली नव्हती, पण कोणत्या माणसांनी कोठे राहावे हे शहराने आधीच ठरवून ठेवले होते. राज्यात हजारांवर माणसे गेली. त्यांत काही आपल्या मोटारीतच गुदमरून गेली. पाण्याने विजेची यंत्रणा बंद पडली, काचा खाली झाल्या नाहीत, बाहेरच्या दाबाने दार उघडले नाही.

आम्ही त्या दिवशी अंधेरीला एका कारखान्याच्या दरवाज्यावर सभेसाठी गेलो होतो. गाड्या बंद पडल्यावर हजारो माणसांसारखे आम्हीही हमरस्त्याने चालत निघालो. वाटेत उभ्या बसमध्ये लोक दाटीवाटीने बसले होते आणि चालक-वाहक त्यांना खाली उतरू देत नव्हते. ते योग्यच होते. उंच गाडी, उंच जागी उभी, तर आत बसणेच शहाणपणाचे. दहिसरचा नाका ओलांडून काशीमिऱ्यावरून मीरा रोडला पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेले होते.

नया नगरच्या एका सखल गल्लीच्या तोंडाशी आमच्या संघटनेचा एक सभासद कमरेवर पाण्यात उभा होता. त्याने रिक्षा दोराने विजेच्या खांबाला बांधली होती आणि दोराचे दुसरे टोक मनगटाला गुंडाळले होते. पाण्यात उभ्या विजेच्या खांबापाशी थांबणे म्हणजे मरणाला हात लावणे, हे त्याला ठाऊक होते. आम्ही ओरडून म्हणालो, सोड आणि वर ये. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "छोड़ तो दूँ, भाई. किस्त कौन भरेगा?"

पंधरा वर्षे आम्ही दरवाज्यांवर भाषणे करत होतो. त्या रात्री आम्हाला उत्तर सुचले नाही. अखेर दोघांनी त्याला बळेच ओढून शेजारच्या इमारतीच्या जिन्यात नेले. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी कोरडा टॉवेल आणि चहा दिला. सकाळी रिक्षा नाल्यात उलटी सापडली. विमा होता, पण तो फक्त कायद्याने सक्तीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीला त्यातून पै मिळत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेने दोन महिने वाट पाहिली आणि तिसऱ्या महिन्यात उरलेला सांगाडा उचलून नेला. पुढची चार वर्षे त्याने दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवली. एकदा चहा पिताना तो आम्हाला रागाने नव्हे, सहज म्हणाला, "आपने मुझे बचाया, रिक्शा का तो कुछ किया नहीं."

हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही. वस्तूचा मोह सोडा, जीव मोठा, हा उपदेश खरा आहे. पण ज्याचे काही बुडत नाही त्याच्या तोंडी तो फार स्वस्त पडतो.

नुकसान कोणाच्या नावे

यावरून आमच्या प्रश्नाचे उत्तर निघते. माणूस गाडीपाशी थांबतो, कारण ती गेल्यावरचा जाब त्याला एकट्याला द्यावयाचा असतो. हे फक्त रिक्षावाल्याचे नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी चढले आणि एस.टी.चे आगार बुडाले. तेथील आगारप्रमुख सुमारे ९ लाखांची रोकड सांभाळत बुडालेल्या बसच्या टपावर नऊ तासांच्या आसपास बसून राहिले. देशभर त्यांचे कौतुक झाले आणि त्यांच्या निष्ठेपुढे आम्हीही मान लववतो. परंतु कामगार चळवळीतला माणूस म्हणून आमच्या मनात दुसराही विचार येतो. ज्या व्यवस्थेत नोटांच्या पिशवीची जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर असते, त्या व्यवस्थेने पूर येण्याआधी त्याला असे लेखी सांगून ठेवावयास नको काय, की पाणी अमुक रेषेवर आले तर पिशवी सोड, तुला कोणी विचारणार नाही?

जुन्या बांधाचा अर्थ हाच होता. खांड पडली तर ती गावाची खांड असे. आपण बांध मोडला तो मातीचा, पण त्याबरोबर नुकसान वाटून घेण्याची रीतही मोडली. विमा ही त्या रीतीची आधुनिक सावली आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने दुसऱ्याच्या इजेचा विमा सक्तीचा केला आणि १९८८ च्या कायद्याने तो कायम ठेवला. रस्त्यावरच्या परक्या माणसाला त्यातून आधार मिळाला, ही मोठी गोष्ट. पण गाडीवाल्याची स्वतःची गाडी ऐच्छिक राहिली, आणि ज्याला हप्ताच जड त्याने ऐच्छिक गोष्ट टाळली.

आमच्या संघटनेने २००६ च्या पावसाळ्यापासून रोज दोन रुपयांची पेटी सुरू केली. ती तिसऱ्या वर्षी रिकामी झाली, कारण आम्ही तिच्यातून लग्नाला, आजारपणाला उचल देत गेलो. नाही म्हणणे जिवावर येई. तो दोष सर्वस्वी आमचा. नंतर नियम केला की पेटी पाण्याचीच. तिच्यातून गाडीचा पूर्ण विमा उतरवण्यास मदत करावयाची आणि पूर आल्यास पहिल्या दोन हप्त्यांची सोय. रक्कम थोडी आहे. पण आता पावसाळ्याआधीच्या सभेत आम्ही उभे राहून सांगू शकतो की गाडी सोड, पहिले दोन हप्ते पेटीतून जातील. २००५ च्या रात्री आमच्याजवळ नसलेले उत्तर एवढे तरी आज आहे.

यंदाची बेगमी

आता वैशाख संपण्याआधी घरोघरी आणि सोसायटीत काय करावे, ते सांगून पुरे करतो.

पहिली गोष्ट कागदांची. रेशनकार्ड, खोलीचे कागद, गाडीचे पुस्तक, विम्याचा करार, मुलांचे दाखले हे सारे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावे. त्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावेत. गाडीचे आणि घरातल्या मोठ्या वस्तूंचे फोटोही आताच, कोरड्या दिवसांत काढावेत, म्हणजे मागाहून भरपाई मागताना हुज्जत पडत नाही. विम्याचा कागद एकदा वाचून घ्यावा. तो केवळ दुसऱ्याच्या नुकसानीचा आहे की स्वतःच्या गाडीचाही, इंजिनात पाणी गेले तर पैसे मिळतात की नाही, हे पावसाआधी विचारावे.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या गल्लीत पाणी आधी कोठे साठते, हे तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. भिंतीवर मागच्या पुराची रेघ असेल तर तिच्यावर रंग फासू नका, ती आपली पट्टी आहे. उंचावरची एक जागा आताच ठरवून ठेवावी, आणि ती जागा सार्वजनिक रस्त्याची असेल तर वाहतूक पोलिसांशी आधी बोलावे. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस दरवर्षी जाहीर होतात. ती यादी जिन्यात लावावी. त्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल तर वाहन आदल्या रात्रीच उंचावर जावे. सोसायटीत मीटर खाली असतील तर ते वर घेण्याचा ठराव याच महिन्यात मांडावा. पाणी आत येऊ लागले तर मुख्य बटण बंद करावे, पण स्वतः पाण्यात उभे राहून नव्हे.

तिसरी गोष्ट चालत्या वाहनाची. पाणी वाहते असेल तर एक फूट खोलीतही लहान मोटार तरंगू लागते, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. रस्त्याचा तळ दिसत नसेल तर पुढे जाऊ नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्यांतली एक राजापूरहून बोरिवलीस येत होती, म्हणजे आपल्याच भागात. त्या चालकांचा काहीच दोष नव्हता. अंधारात, पुरात, चाकाखाली काय उरले आहे हे कोणालाच दिसत नाही, एवढेच त्यातून शिकावे.

मोटार पाण्यात अडकली तर पट्टा सोडावा, काच ताबडतोब खाली करावी, आधी मुलांना बाहेर काढावे आणि मग आपण निघावे. काच उतरत नसेल तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर हातोडीचा घाव घालावा. समोरची काच दुपदरी असते, ती फुटत नाही. म्हणून एक लहान हातोडी चालकाच्या हाताशी असावी, डिकीत नसावी. बाहेर पडल्यावर पाण्यातून चालावेच लागले तर काठीने पुढची जमीन चाचपावी. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत एक नामांकित डॉक्टर गाडी सोडून पायी घरी निघाले होते आणि उघड्या गटारात पडून गेले. खांब, तारा आणि लोखंडी टपऱ्या यांपासून लांब राहावे.

चौथी गोष्ट पाणी ओसरल्यानंतरची. २००५ साली ऊन पडताच आमच्या शेकडो चालकांनी पहिले काम केले ते रिक्षाचे हँडल ओढण्याचे. त्या घाईत चिखलाचे पाणी बेअरिंगांत फिरले आणि जे धुऊन वाचले असते ते कायमचे बिघडले. मोटारीचे तर याहून वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनने पाण्यावर रेटा दिला की दांडा वाकतो, आणि मालकाने भिजलेले इंजिन चालू केले असे दिसल्यास विमा कंपनी पैसे नाकारू शकते. म्हणून भिजलेली गाडी चालू करू नये. बॅटरीची तार काढावी, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून मेकॅनिककडे न्यावी. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे, सारे तेल बदलावे. विजेवर चालणारी गाडी बुडाली असेल तर तिला हातच लावू नये, जाणत्याला बोलवावे आणि ती इमारतीपासून दूर उभी करवावी.

मालक मंडळींपैकी येथे जे कोणी असतील त्यांना एक विनंती. आपला टेम्पो, आपली गाडी, आपली रोकड ज्याच्या हाती आहे त्याला या आगोटीपूर्वी एक ओळ लिहून द्या: पाणी चढल्यास गाडी सोडून यावे, नुकसानीचा जाब विचारला जाणार नाही. या ओळीला खर्च नाही. तिच्यामुळे एखादा माणूस दोर सोडील.

त्या रात्रीचा आमचा सभासद आज साठीला आला आहे. त्याचा मुलगा रिक्षा चालवतो. परवा पेटीच्या सभेला बाप-लेक दोघे आले होते. मुलाने विम्याचा कागद पुढे केला आणि बापाने तो आमच्यासमोर शेवटपर्यंत वाचवून घेतला, मग घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. मृगाला अजून काही दिवस अवकाश आहे.